शाळेच्या दुरुस्तीचा पैसा: आधी खोलीनिहाय निदान, मग निधीचा शोध

यवतमाळ जिल्ह्याच्या मारेगाव तालुक्यातून एका शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी प्रश्न विचारला आहे. जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट ६४, शिक्षक तीन. चार खोल्या आहेत. दोन जुन्या कवेलूच्या आणि दोन सर्व शिक्षा अभियानाच्या काळातल्या स्लॅबच्या. एका स्लॅबचे पोपडे पडून सळई दिसते, दुसऱ्याला ओल आहे. कवेलूच्या एका खोलीची मागची भिंत फुगली आहे. सरपंच म्हणतात, शाळेवर ग्रामपंचायतीला खर्च करता येत नाही. पंचायत समितीत विचारलं तर प्रस्ताव वर गेला आहे, असं सांगतात. पैसा नेमका कुठून मिळतो आणि आम्ही काय करायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, माझी सगळी नोकरी विदर्भातल्या जिल्हा परिषदांच्या बांधकाम विभागात गेली, त्यातली बरीच वर्षं शाळांच्या इमारतींवर. अनुभवावरून सांगतो, तुमच्या शाळेसाठी पैसा असलेली दारं एक-दोन नाहीत, सहा-सात आहेत. पण त्यातलं एकही दार ‘शाळेची इमारत मोडकळीस आली आहे, कृपया निधी द्यावा’ या वाक्याला उघडत नाही. ‘इमारत’ असं काही अंदाजपत्रकात नसतं. तिथे खोली असते, त्या खोलीतला दोष असतो, दोषाचं काम असतं आणि त्या कामाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं असतं. तुमच्या चार खोल्यांचे आजार चार वेगळे आहेत आणि त्यांचा पैसाही वेगळ्या ठिकाणी आहे. म्हणून निधीआधी खोल्यांकडे येऊ.

फुगलेल्या भिंतीची खोली आजपासून बंद करा. कुलूप लावा, दारावर लेखी सूचना लावा, समितीच्या ठरावात तारीख टाका. मुलं समाजमंदिरात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा दोन वर्ग एकत्र करून बसवा. पावसात छत कोसळणं ही दूरची भीती नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत पडून तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात मुलं गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या. मातीच्या जोडाईची भिंत आतून भिजली की तिची ताकद जाते, आणि वरून ती तशीच उभी दिसते.

ही खोली दुरुस्त करू नका. माझं हे मत पक्कं आहे. मातीच्या जोडाईची भिंत उभ्या रेषेतून बाहेर आली असेल तर वरचे कवेलू काढून टिन टाकल्याने काही साधत नाही. तिला शिकस्त ठरवून तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती रीतसर नोंदीतून कमी करून पाडावी लागते. ते केलं नाही तर नवी खोलीही मिळत नाही, हे गावात फार कमी लोकांना माहीत असतं. कागदावर तुमच्याकडे चार खोल्या आहेत आणि शिक्षक तीन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हा निकष आहे. मग वरचा अधिकारी हिशेब करतो, तीन शिक्षकांना चार खोल्या आहेत, नवीन कशाला? पडायला आलेली खोली नोंदीत जिवंत असल्यामुळे नव्या खोलीचा हक्क मारला जातो.

निर्लेखनासाठी शाखा अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि खोली धोकादायक असल्याचं प्रमाणपत्र, समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो आणि मूल्यांकन लागतं. मंजुरी जिल्हा परिषदेकडून येते. नव्या खोलीचा प्रस्ताव याच कागदांसोबत त्याच दिवशी द्या. नाहीतर जुनी पडते, नवी येत नाही आणि मुलं वर्षानुवर्षं ओसरीत बसतात. अजून एक गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या शाळांना अनेकदा अस्सल सागवानाचे म्याल आणि फाटे, म्हणजे छपराच्या तुळया आणि वासे असतात. पाडण्याआधी लाकडाची मोजणी करून पंचनाम्यात लिहून घ्या. लिलावाची रक्कम सरकारी खात्यात जमा होते, तिचा हिशेब गावालाही कळला पाहिजे.

दुसरी कवेलूची खोली वाचू शकते. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी आहे का ते गवंड्याकडून तपासा. लाकडाला सळईचं टोक लावून बघा, आत शिरलं तर उधई लागली आहे. लाकूड चांगलं असेल तर कवेलू चाळून घेणं, फुटके बदलणं, दोन-चार फाटे बदलणं एवढ्यावर भागतं. टिन टाकायचंच झालं तर ते भिंतीला पट्ट्यांनी आणि जे-बोल्टने घट्ट बांधलं पाहिजे. मे महिन्यातल्या वादळात नुसते दगड ठेवलेले टिन उडतात हे तुम्ही पाहिलंच असेल. शिवाय चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टिनाखाली मुलं भाजून निघतात, त्यामुळे खाली सिलिंगची तरतूद अंदाजपत्रकातच मागा. नंतर ती कोणी देत नाही.

आता सळई दिसणारा स्लॅब. यात सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी पाहिला आहे. सळईवर काँक्रीटचं आवरण कमी राहिलं, वरून पाणी मुरलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. यावर ठेकेदाराचा नेहमीचा उपाय म्हणजे पोपडे काढायचे, सिमेंटचा गिलावा मारायचा, रंग द्यायचा. एका पावसाळ्यात तो गिलावा खाली येतो, कारण आतला गंज चालूच असतो. खरं काम असं: आधी खालून टेके द्यायचे. सुटं काँक्रीट घट्ट भाग लागेपर्यंत फोडायचं. सळई ब्रशने घासून स्वच्छ करून गंजरोधक लेप द्यायचा. जिथे सळई खाऊन बारीक झाली आहे तिथे नवी जोडायची. मग पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरायचं. आणि या सगळ्यासोबत स्लॅबच्या वरून पाणी बंद करायचं. वरचं पाणी थांबवल्याशिवाय खालची दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात.

वरच्या कामात विटांच्या तुकड्यांचा कोबा, योग्य उतार आणि पाणी उतरवणारे पाइप हे महत्त्वाचं. बऱ्याच गळक्या स्लॅबचं मूळ मला छतावर साचलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात आणि तुंबलेल्या पाइपात सापडलं. तुमच्या दुसऱ्या, नुसती ओल असलेल्या खोलीवर आधी चढून बघा. कदाचित तिचं काम अगदी थोडक्यात होईल. काही जण स्लॅबवर टिनाचं शेड मारायचा पर्याय सुचवतील. गळती थांबते, खोली थोडी थंडही राहते, म्हणून मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. पण गंजलेली सळई त्याने बरी होत नाही. सळई दिसणाऱ्या खोलीत आधी सळईचं काम, मग शेड.

स्लॅबमध्ये सळई किती खाल्ली गेली याबद्दल शंका असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तांत्रिक तपासणी मागा. नागपूरचं व्हीएनआयटी, अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था ते करतात. प्रत्येक शाळेला त्याची गरज नसते, तुमच्या एका खोलीला आहे.

भिंतींच्या भेगांबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुमचा भाग काळ्या भारी जमिनीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच हालचाल पायाखाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग बहुतेक वेळा याचीच असते. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. पट्टी तुटली तर भेग चालू आहे. नुसती भेग भरून उपयोग नाही. जोत्याभोवती काँक्रीटचा पट्टा आणि छपराचं पाणी दूर नेणारी नाली केली की पायाखालची माती वर्षभर एकसारखी राहते. हे स्वस्त काम आहे, पण अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी तेच गळतं. ते आग्रहाने घालून घ्या.

एवढं झालं की तुमच्याकडे चार ओळींचा कागद तयार होतो. कोणती खोली, काय दोष, काय काम, दुरुस्ती की निर्लेखन. आता पैसा.

सुरुवात यू-डायसपासून, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीपासून करा. दरवर्षी मुख्याध्यापक शाळेची माहिती भरतात, त्यात वर्गखोल्या चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, असं विचारलेलं असतं. समग्र शिक्षाचा वार्षिक आराखडा याच माहितीवर उभा राहतो. चारही खोल्या ‘चांगल्या’ भरल्या गेल्या असतील तर तुमचा प्रस्ताव ‘वर’ जाऊनही तिथे त्याला आधार नाही. सरांना दोष देऊ नका, त्यांच्यावर कागदांचा डोंगर असतो. त्यांच्यासोबत बसून मागच्या वर्षीची प्रत बघा आणि यंदा खोलीनिहाय खरं भरून घ्या.

समग्र शिक्षा ही २०१८ पासूनची योजना, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. तिच्यातून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, शाळेला दरवर्षीचं संयुक्त शाळा अनुदान. तुमच्या पटाला, म्हणजे शंभरपर्यंत, निकष २५ हजारांचा आहे. तीसपर्यंतच्या पटाला तो १० हजारांचा आहे. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी असतो आणि खडू-फळा-वीजबिलही त्यातूनच. म्हणून त्यातून स्लॅबची अपेक्षा नको. पण छत साफ करणं, पाइप बसवणं, चार कवेलू बदलणं यासाठी तो पैसा योग्य आहे आणि तो समितीच्या हातात आहे. दोन, मोठी दुरुस्ती आणि नव्या खोल्या. त्यांची मंजुरी वार्षिक आराखड्यातून दिल्लीपर्यंत जाऊन येते, त्याला वेळ लागतो.

मोठ्या दुरुस्तीसाठी माझा पहिला भर जिल्हा वार्षिक योजनेवर असतो, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा पैसा. प्राथमिक शाळांच्या इमारतींची विशेष दुरुस्ती आणि वर्गखोली बांधकाम या दोन्हींसाठी त्यातून जिल्हा परिषदेला निधी मिळतो. नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. शिक्षण विभाग कामांची यादी करतो, आणि यादीत यायचं असेल तर कागद पूर्ण हवे: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, जागेचा नमुना ८ किंवा सातबारा. साधारण हिवाळ्यात पुढच्या वर्षाचा आराखडा तयार होतो. दिवाळीनंतर लगेच प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे. मार्चमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही, तेव्हा फक्त उरलेला पैसा आधीच तयार फाइल असलेल्या शाळेला जातो. तुमची फाइल तयार असेल तर ती शाळा तुमची असू शकते. याशिवाय जिल्हा परिषदेचा सेस फंड, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा निधी आहे. तो थोडा असतो, पण पावसाळ्यातल्या तातडीच्या कामाला तोच सगळ्यात लवकर हलतो.

सरपंचांचं म्हणणं बरोबर नाही, हे त्यांना आदराने दाखवून द्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित, म्हणजे पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेच्या कामांसाठी. शाळेचं शौचालय, पिण्याच्या पाण्याची टाकी, छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण बंधित निधीत बसतं आणि खोलीची दुरुस्ती अबंधित निधीत. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, त्याच्या मार्गदर्शक सूचना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून ग्रामसभेत वाचून घ्या. अट एकच की काम गावाच्या विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या सभेला महिला पालकांना घेऊन जा. इमारत जिल्हा परिषदेची असल्यामुळे बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता आणि जिल्हा परिषदेची ना-हरकत घ्यावी लागते. सरपंचांची अडचण बहुतेक वेळा तीच असते, ती तुम्ही सोडवून दिलीत तर ते तयार होतील.

तुमच्या तालुक्याला आणखी दोन दारं आहेत. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात येतात. तुमचं गाव त्यात असेल तर आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतात, लोकसंख्येच्या प्रमाणात. तो पैसा कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि पायाभूत सुविधा व शिक्षण दोन्ही त्यात बसतात. याच निधीतून गावांनी शाळेचे दारं-खिडक्या आणि फरशी नीट केलेली मी पाहिली आहे, कोणाच्या शिफारशीशिवाय.

दुसरं दार खनिजाचं. वणीचा कोळसा पट्टा तुमच्या शेजारी आहे. २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीच्या प्रमाणात ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते, जुन्या पट्ट्यांना ३० टक्क्यांपर्यंत आणि लिलावातल्यांना १० टक्के. तो पैसा खाणबाधित भागासाठीच आहे आणि शिक्षण त्यात उच्च प्राधान्याच्या यादीत आहे. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंत प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंत अप्रत्यक्ष बाधित क्षेत्र धरतात. गावाचं अंतर मोजून घ्या, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत बाधित गावांची यादी बघा. गाव यादीत असेल तर नवीन खोलीसाठी हाच तुमचा सगळ्यात मजबूत रस्ता आहे. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळच्या कोळशाच्या गावांनी धूळ आणि खचलेली जमीन सोसली आहे. हा पैसा मागताना संकोच करू नका. कोळसा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही असतो, पण तो इच्छेवर चालतो. प्रतिष्ठानाचा निधी नियमावर चालतो, म्हणून आधी तिकडे.

आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, पण तो नव्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कामांकडे झुकतो. त्यातून संरक्षक भिंत किंवा नवी खोली मागा, दुरुस्ती मागू नका. लोकवर्गणीबद्दल माझं मत असं की गावाने श्रमदान आणि मुरूम द्यावा, स्लॅब बांधू नये. शाळा सुरक्षित ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीनंतरच्या प्रकरणात, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं आहे. कापसाच्या भावाने पिचलेल्या पालकांकडून सिमेंटचे पैसे गोळा करण्याची वेळ येऊ नये.

तुमच्या समितीचा अधिकार मोठा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ प्रमाणे समिती शाळा विकास आराखडा करते आणि सरकारच्या योजना व अनुदानाचा आधार हा आराखडाच असावा, असं कायदा म्हणतो. म्हणून वर सांगितलेला चार ओळींचा कागद अर्जाच्या रूपात देऊ नका. तो शाळा विकास आराखडा म्हणून मंजूर करा आणि प्रत्येक प्रस्तावाला जोडा. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. ‘वर गेला’ असं सांगितलं तर जावक क्रमांक आणि तारीख विचारा. तो मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात प्रस्तावाची सद्यस्थिती आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा. एकच काम दोन निधींमध्ये दाखवू नका. फाइल तपासणीत अडकते आणि दोन्ही पैसे जातात. कोणती खोली कोणत्या निधीतून, हे आराखड्यातच लिहून टाका.

पूर्व विदर्भातली कोणी समिती हे वाचत असेल तर तुमच्याकडे जागेचा प्रश्न निघतो. नागपूर विभागातल्या कित्येक शाळा महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनीवर आहेत. जुन्या खोलीच्या दुरुस्तीला सहसा अडचण येत नाही, पण नव्या खोलीआधी तलाठ्याकडून नोंद तपासा. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. गडचिरोलीतल्या गावांनी हे कलम नक्की वाचावं.

मंजुरी आली की काम कधी करायचं, हे तुम्ही ठरवून द्या. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे सगळे जण मे महिन्यात काम काढतात. पण मे महिन्यात विहिरींना पाणी नसतं आणि काँक्रीट दोन तासांत वाळतं. पाणी न मिळालेलं काँक्रीट आयुष्यभर कच्चं राहतं. स्लॅबची आणि गिलाव्याची कामं डिसेंबर ते फेब्रुवारीत, एक-एक खोली रिकामी करून घ्या. कवेलू, टिन, दारं-खिडक्या उन्हाळ्यात. उन्हाळ्यातच स्लॅबचं करावं लागलं तर सकाळी लवकर, ओले बारदाने टाकून, आठ-दहा दिवस पाणी मारायची जबाबदारी गावाने घ्यावी. ठेकेदाराचा माणूस रात्री पाणी मारायला थांबत नाही, गावातला थांबतो.

कामाच्या वेळी अंदाजपत्रकाची प्रत सरांच्या टेबलावर असू द्या. त्यात टेके, गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर, जोत्याचा पट्टा या बाबी आहेत का आणि त्या प्रत्यक्ष होतात का, एवढं बघायला इंजिनिअर असावं लागत नाही. गिलावा चढण्याआधी घासलेल्या सळईचे फोटो काढा, नंतर ती कोणाला दिसत नाही. रंगकाम सगळ्यात शेवटी. कार्यादेशात दोष दायित्वाचा कालावधी किती आहे ते वाचून ठेवा. त्या काळात गळलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने नीट करायचं असतं. आणि अंतिम देयकाआधी छतावर बांध घालून दोन दिवस पाणी साठवायला लावा. खाली एक थेंबही आला तर समितीने समाधानपत्रावर सही करू नये. तुमच्या सहीशिवाय देयक निघालंच तर तशी लेखी हरकत त्याच दिवशी गटविकास अधिकारी आणि कार्यकारी अभियंता या दोघांकडे द्या.

आत्ता लगेचच्या गोष्टी तीन: फुगलेल्या भिंतीची खोली बंद केल्याचा ठराव, शाखा अभियंत्याला पाहणीसाठी लेखी पत्र, आणि गाव पेसात व खाणबाधित यादीत आहे का याची खात्री. अभियंत्याचा अहवाल हाती आला की त्यातली खोलीनिहाय माहिती कळवा. कोणती खोली कोणत्या लेखाशीर्षात टाकायची ते मी बघून सांगतो.